मंडळी म्हणजे काय?

मी बाई आहे आणि आमच्या मंडळीची वडील आहे. हे वाक्य मी कुठेही पहिल्यांदा टाकते, कारण ऐकणारा माणूस आधी गोंधळतो, मग हसतो आणि मग पुढचं ऐकायला खुर्ची जवळ ओढतो. ख्रिस्ती मराठीत चर्चच्या लोकसमुदायाला ‘मंडळी’ म्हणतात आणि कारभार पाहण्यासाठी त्या मंडळीने निवडून दिलेल्या माणसांना ‘वडील’. ज्यांनी हा शब्द ठरवला त्यांच्या डोळ्यांपुढे साडी नेसलेला वडील उभा राहिला नसावा. माझी मुलगी मैत्रिणींना सांगते, “आमच्या घरात दोन वडील आहेत. त्यातले एक स्वयंपाक करतात.”

आमची मंडळी जळगावात, पिंप्राळ्याच्या अंगाला. एक हॉल, साठेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक मेज आणि बाहेर पाटी. पाटीवर मंडळीच्या नावाआधी ‘सुधारित’ असा शब्द आहे. त्या शब्दाने आम्हाला फार छळलंय. शेजारी एका मारवाडी शेठचं धान्याचं दुकान आहे. पाटी लागली त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “बाई, हे सुधारित म्हणजे काय? बियाण्याच्या पिशवीवर असतं तसं का?”

“साधारण तसंच, शेठ.”

“मग उतारा किती पडतो?”

“उतारा देवाच्या हातात.”

“म्हणजे बियाण्यासारखंच,” शेठ म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मी हरणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठून समजावलं. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात काही लोक उठले आणि म्हणाले, चर्चमध्ये शेवटचा शब्द कुणा मोठ्या माणसाचा नको, शास्त्राचा हवा. म्हणून आमच्यात गादी नाही, बिशप नाही. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि वडील एकाच मेजाभोवती बसतात आणि प्रत्येकाला एकच मत. दुसरं म्हणजे तारण कमवता येत नाही. ते देव फुकट देतो. आणि तिसरं, देवाचं वचन ज्याचं त्याला ज्याच्या त्याच्या बोलीत कळलं पाहिजे, मधे दुभाष्या पुजारी नको. हे तिसरं मी फार ऐटीत सांगायची, हात हलवून. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलंय, हात हलतातच.

शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. “फुकट देतो?” त्यांनी एवढंच विचारलं. “मग तुमच्याकडे गर्दी का नाही?”

त्यांच्याच दुकानात, पोत्यांच्या मागे, एक अक्का सूप घेऊन धान्य निवडायला बसायच्या. पासष्टीच्या पुढच्या. मूळ गाव धुळ्याकडचं. लेकीकडे पिंप्राळ्याला राहायला आल्या होत्या. या अक्का आमच्या मंडळीत दर रविवारी शेवटच्या रांगेत बसत. आमच्यात तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात, तसा त्यांना गावात कधीकाळी मिळाला होता. पण मोठेपणी माणसाने वडिलांपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा लागतो. त्याआधी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, मेजावर येता येत नाही, भाकरीचं तबक समोर आलं तरी पुढच्याकडे सरकवायचं. अक्कांच्या गावातला पाळक त्या लहान असतानाच बदलून गेला, दुसरा आला नाही, आणि कबुली राहून गेली.

एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी मला दारात अडवलं. “बाई, बारा वरीस व्हयनात, मी तबक पुढे ढकलस. आते बस. अवंदा मी मेजवर येस.”

विनंतीचा सूर नव्हता. धान्याच्या दुकानात बाई सांगते तसं सांगितलं : उद्या येणार नाही, परवा येईन.

आमच्याकडे प्रभुभोजन दर तीन महिन्यांनी. पुढचं दोन महिन्यांवर होतं. कबुलीच्या आधी परीक्षा असते आणि परीक्षेसाठी एक प्रश्नोत्तरीची पुस्तिका आहे, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. तिची मराठी अशी आहे, की ती वाचताना मीसुद्धा पाठ ताठ करते. अक्कांना वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, काळजी नको, मी पाठ करून घेते.

आता माझी कबुली ऐका. मी धुळ्याची. माझं बालपण अहिराणीत गेलं. मी रडले, भांडले, हट्ट केला तो सगळा अहिराणीत. मग शिक्षिका झाले, जळगावात आले आणि ती बोली मी माळ्यावर टाकली. म्हणून अक्का जेव्हा “देवनी बठ्ठं करं” म्हणाल्या, तेव्हा मी लगेच दुरुस्त केलं : “देवाने सर्व काही निर्माण केले. म्हणा.”

“देवाने सर्व काही निर्माण केले,” अक्का म्हणाल्या, कडू औषध गिळावं तशा.

दोन महिने आम्ही हेच केलं. संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळी मी पोत्यावर बसायची आणि त्या सूप खाली ठेवून उत्तरं घोकायच्या. ‘पूर्वनियोजन’, म्हणजे देवाने आधीच ठरवून ठेवणं, हा शब्द आला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावून मला विचारलं, “बाई, ही ती कुटुंबनियोजननी गोट शे का?” शेठ गल्ल्यावरून इतके हसले, की ठसका लागला. पण अक्का जिद्दीच्या. शेवटी वीसच्या वीस उत्तरं पाठ झाली, ओळीने, एकही कानामात्रा न चुकता. मी इतकी खूश झाले, की शेठना पेढे द्यायला निघाले होते.

परीक्षा शनिवारी दुपारी होती, रविवारी प्रभुभोजन. परीक्षेला आम्ही तिघं : पाळक, मी आणि नाना. पाळक तरुण, सांगलीकडचे, मनाने मऊ आणि खानदेशात नुकतेच आलेले. नाना आमचे जुने वडील, खानदेशातलेच. दीपनगरच्या वीज केंद्रात सारी नोकरी झाली आणि माणूसही तसाच : चालू म्हणजे चालू, बंद म्हणजे बंद. मी निवडून आले तेव्हा सगळ्यात उशिरा ज्यांनी हात वर केला ते नाना, आणि एकदा वर केल्यावर मग खाली घ्यायलाही सगळ्यात उशीर केला तेही नानाच.

पाळकांनी पुस्तिका उघडली. पहिले तीन प्रश्न अक्कांनी असे उडवले, की मी नानांकडे पाहून भुवया नाचवल्या. मग पाळकांनी पान उलटलं आणि विचारलं, “जगात पाप कोणी आणले?”

अक्का खणखणीत आवाजात म्हणाल्या, “देवाने, आपल्या गौरवासाठी.”

नाना खुर्चीत सरळ झाले. पाळकांनी घाईघाईने पुढचा प्रश्न घेतला. “पाप म्हणजे काय?”

“मनुष्याने, आज्ञा मोडून.”

हे जवळपास जमलं, म्हणून पाळकांनी मान डोलावली. त्यांना हायसं वाटलं असावं. मलाही वाटलं.

“मंडळी म्हणजे काय?”

“देवाची आज्ञा मोडणे,” अक्का म्हणाल्या, “आणि मोडूनही लाज न वाटणे.”

खरं सांगते, आमच्या मंडळीचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही, आणि दुसरा कुठला प्रसंग असता तर मी टाळी वाजवली असती. पण माझ्या लक्षात आलं होतं. झेरॉक्सची दोन पानं चिकटली होती. पाळकांनी चौथा प्रश्न गाळला होता, आणि अक्का ओळीने चालल्या होत्या. पाचव्याला चौथं उत्तर, सहाव्याला पाचवं.

मी पुस्तिका ओढून पानं सुटी करून दाखवली. “बघा, नाना! चूक त्यांची नाही, कागदाची आहे. उत्तरं बरोबर आहेत, फक्त एक घर सरकलीत.”

नानांनी पानं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. “बाई, पाप कुणी आणलं असं विचारल्यावर जो माणूस देवाने असं सांगतो आणि अडखळत नाही, त्याने प्रश्न ऐकलाच नाही. त्यांना पाठ आहे. कळलेलं नाही.”

म्हातारा बरोबर होता.

“पुढच्या वेळी,” नाना म्हणाले, पण अक्कांकडे पाहायचं टाळून. “तीन महिने अजून शिकवा. आपल्याकडे मेणबत्त्या नाहीत, मूर्ती नाहीत, आशीर्वादाच्या तेलाच्या बाटल्या नाहीत. शिकवण तेवढी आहे. तीही ढिली केली तर पाटीवरचा शब्द पुसून टाका.”

त्या क्षणी मला एका बिशपची फार आठवण झाली, आमच्यात नसलेल्या. वर कुणी असता तर गाठला असता, रडले असते, नानांची तक्रार केली असती. पण वर कुणी नाही हेच तर मी शेठना हात हलवून सांगितलं होतं. तीन खुर्च्या, तीन मतं.

अक्का उठल्या. मला वाटलं घरी निघाल्या. त्यांनी खुर्ची उचलली, मेजाच्या आणखी जवळ ठेवली आणि पुन्हा बसल्या.

“नाना, तीन महिनामा मी ऱ्हास का जास, कोनले माहीत? मी आठेच बठस. बाईना शब्द बाईनाजोडे ऱ्हाऊ द्या. आते माले मन्हा तोंडे इचारा.”

पाळकांनी गोंधळून आमच्याकडे पाहिलं. “काय म्हणाल्या?”

मी तोंड उघडलं, तोच नानांनी हात आडवा केला. “तुम्ही नाही. तुम्ही त्यांच्या शिक्षिका, मधे साखर घालाल.” मग पाळकांना म्हणाले, “त्या म्हणतात, तीन महिन्यांत मी असेन की नसेन कुणाला ठाऊक. मी इथेच बसते. बाईंचे शब्द बाईंजवळ राहू देत. आता मला माझ्या बोलीत विचारा.”

नानांनी एकही शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. माझ्यावरचा टोमणासुद्धा चोख पोचवला.

मी म्हटलं, “नाना, वचन ज्याच्या त्याच्या बोलीत पोचावं म्हणून लोकांनी एकेकाळी जीव दिला. आपण त्यांच्या नावाची पाटी लावतो आणि अक्कांना देवाशी बोलायला माझी शाळेची मराठी लावतो. माझी चूक आहे, मी मान्य करते. पण शिक्षा त्यांना का?”

“शिक्षा कुणाला नाही,” नाना म्हणाले. “विचारा. पण सोपं विचारायचं नाही.”

पाळकांनी पुस्तिका मिटली. मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांनी जो प्रश्न काढला, तो मी काढला नसता. ज्यावरून मोठमोठे विद्वान एकमेकांशी बोलायचे थांबले, तोच. “अक्का, देवाने आपल्या लोकांची निवड केली असं आपण मानतो. निवड म्हणजे काय?”

अक्कांचा चेहरा मात्र उजळला.

“निवडनं? ते मन्हं रोजनंच काम शे.”

“ते त्यांचं रोजचंच काम आहे,” नानांनी सांगितलं.

“देवाचं काम?” पाळक दचकले.

“धान्याचं, साहेब. दुकानात निवडतात.”

अक्कांनी मेजावर दोन्ही हात असे धरले, की मला सूप दिसलं. “सुपडामा दादर ऱ्हास. दाना काय करस? काहीच नही करस. हात करस.”

“सुपात दादर असते, म्हणजे ज्वारी,” नाना म्हणाले. “दाणा काही करत नाही. जे करतो ते हात करतो.”

“दाना सोता उडी मारीसन मन्हा हातमा येस का? नही. मन्हामा काय गुण व्हता, का त्यानी माले उचलं? नवरा दारुड्या, मी भांडकुदळ, देवळं, बाबा, गंडे बठ्ठं करी दखं. काहीच गुण नही व्हता. त्याना हात वना. बस.”

नानांनी सुरुवात केली. “दाणा स्वतः उडी मारून हातात येत नाही. माझ्यात असा काय गुण होता, की त्याने मला…” इथे ते थांबले, चष्मा काढला, काच पुसली, पुन्हा लावला. “…उचलावं. नवरा दारू पिणारा. मी भांडखोर. सगळं करून पाहिलं. गुण काही नव्हता. त्याचा हात आला.”

शेवटचं वाक्य ते पाळकांना सांगत होते असं मला वाटलं नाही.

पण नाना म्हणजे नाना. सोडणार कसे? त्यांनी शुद्ध मराठीत सापळा लावला. “ठीक आहे, अक्का. सुपात खडेही असतात. मग खडे कोण, ते सांगा.” आणि माझ्याकडे पाहिलं, म्हणजे तुमच्या शिष्या आता शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं घेणार.

“ते दानाले काय ठावं?” अक्का म्हणाल्या. “हातले ठावं. दानानी दुसराले खडा म्हनानं नही. त्यानं ते कामच नही.”

पाळक वाट पाहत होते. नानांनी भाषांतर केलं नाही. पाळकांनी एकदा खाकरून पाहिलं, तरी नाही. मग नाना मेजावर वाकले आणि ज्या माणसाच्या तोंडून मी इतक्या वर्षांत ‘माझं’ सोडून कधी ‘मन्हं’ ऐकलं नव्हतं, तो माणूस म्हणाला, “अक्का, मंग मी कोन शे? दाना का खडा?”

अक्कांनी त्यांना नीट न्याहाळलं. मला वाटतं, त्यांना थोडी मजाही वाटली.

“माले काय इचारतस, नाना? मीबी सुपडामाच शे.”

“काय झालं? काय म्हणाल्या?” पाळकांनी आता जवळजवळ रडकुंडीला येऊन विचारलं. मी सगळं सांगितलं, साखर न घालता. पाळक म्हणाले, “हे मी तीन वर्षं कॉलेजात शिकलो.”

मत घ्यायची वेळ आली. पाळकांचा हात वर झाला. माझा त्याआधीच होता. दोन मतं म्हणजे काम झालं. नियमाने नानांच्या हाताची गरज उरली नव्हती. पण अक्का नानांकडेच पाहत होत्या आणि उठत नव्हत्या. दोघांच्या मतावर मेजावर यायची त्यांची तयारी दिसेना.

“माझी एक अट आहे,” नाना म्हणाले.

“झालं!” मी म्हटलं.

“प्रश्नोत्तरी सोडायची नाही. आज अक्का निभावल्या, कारण अक्का अक्का आहेत. उद्या दुसरं कुणी येईल आणि मनाला येईल ते सांगेल आणि आपण डोळे पुसत हात वर करू. ते चालणार नाही. वीसच्या वीस प्रश्न अहिराणीत करायचे. नीट. तुम्ही आणि मी. अर्धवट काम करायचं असेल तर माझा हात खाली.”

“आणि बरोबर की चूक, ते कोण ठरवणार?”

नानांनी अक्कांकडे बोट केलं आणि तोच हात वर केला.

दुसऱ्या दिवशी अक्का मेजावर आल्या. त्याचं वर्णन मी करणार नाही. आमच्यात त्या वेळी आजूबाजूला पाहायचं नसतं आणि मी पाहिलं नाही. फार तर एकदा.

तेव्हापासून दर शनिवारी नाना त्यांच्या स्कूटरवर शेठच्या दुकानाशी येतात, मी माझ्या स्कूटीवर. आम्ही पोत्यावर बसतो आणि भांडतो. आधी वाटलं होतं महिन्याभरात होईल. पाच महिने झाले, अकरावा प्रश्न चाललाय. अहिराणीत धर्माचं बोलायचं म्हणजे प्रत्येक शब्दाला घरी बोलावून विचारावं लागतं, तू नक्की कोण. मराठीत एक भारदस्त शब्द टाकला की निभावतं, अर्थ कळो न कळो. इथे अक्का लगेच विचारतात, “म्हनजे काय?” आणि निम्म्या वेळा कळतं, की म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पाचवा प्रश्न आम्ही तीनदा खोडला. चौथ्यांदा लिहिला तेव्हा पाळकांनी तो रविवारी वाचून दाखवला, सांगलीच्या हेलात, आणि शेवटच्या दोन रांगा खदाखदा हसल्या. पण त्या दोन रांगांनी मान वर करून प्रश्नोत्तरी ऐकलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

गेल्या शनिवारी ‘कृपा’ या शब्दावर अडलं. नानांचं म्हणणं, ‘किरपा’ म्हणावं, लोकांना कळतं. माझं म्हणणं, कळत नाही, नुसतं ऐकल्यासारखं वाटतं. आवाज वाढले. शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “तुम्ही सुधारित लोक भांडता मात्र जुन्या पद्धतीने.” नानांनी स्कूटरला किक मारली आणि न बोलता निघून गेले. मंगळवारी मंडळीत भेटले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला, बोलले मात्र नाहीत.

अक्का दोघांनाही बरोबर म्हणायला तयार नाहीत. त्यांनी सूप झटकून सांगितलं, “तुम्हना दोन्हीसना शब्द नको. मी दखस.” म्हणजे शब्द आता त्या बघणार. आज शुक्रवार. मी अकराव्या प्रश्नाची जागा कोरी सोडून खाली बारावा प्रश्न लिहून ठेवलाय, आणि मघाशी नानांचा फोन येऊन गेला : उद्या पाचला या, पेन आणा, माझं संपलंय.